ऑफिसात प्रोनाउन्स विचारतात आणि माझ्याकडे अजून उत्तर नाही. काय सांगावं?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. इथे आजवर फक्त वाचनच केलं, लिहायची ही पहिलीच वेळ. प्रश्न लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मी एका मोठ्या कंपनीच्या अंतर्गत लेखापरीक्षण विभागात आहे. टीम वेगवेगळ्या देशांत विखुरलेली, त्यामुळे सगळ्या भेटी स्क्रीनवरच. नुकत्याच नवीन विभागप्रमुख आल्या. चांगल्या आहेत, हे आधीच सांगून ठेवते-ठेवतो या भानगडीत न पडता सांगावंसं वाटतं: मनापासून चांगल्या आहेत. पहिल्याच मीटिंगला त्यांनी सुचवलं की प्रत्येकाने नाव, काम आणि प्रोनाउन्स (म्हणजे आपल्याबद्दल बोलताना इतरांनी वापरायची इंग्रजी सर्वनामं) सांगायचे. सुरुवात त्यांनी स्वतःपासून केली. मग एकेका चौकोनातून आवाज येत गेला. शी/हर. ही/हिम. ही/हिम. माझा नंबर जवळ येत होता आणि माझ्या डोक्यात फक्त एवढंच, की माइक बंद असल्याचं नाटक करावं का. तेवढ्यात वेळ संपली आणि आम्ही काही जण राहून गेलो.

आता पुढे कार्यशाळा आहे, तिथे ही ओळखपरेड पुन्हा होणार. शिवाय एचआरच्या पोर्टलवर प्रोनाउन्सचा नवा रकाना आलाय, त्यावर लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय पान पुढे सरकत नाही.

माझी अडचण अशी की मला उत्तरच माहीत नाही. जन्मापासून जे लावलं गेलं ते म्हणताना घसा अडखळतो. दुसरं म्हणावं तर तेही माझं वाटत नाही. दे/देम (बाई-पुरुष भेद न करणारं सर्वनाम) हे कदाचित सगळ्यांत जवळचं असेल, पण ते मोठ्याने म्हणणं म्हणजे सगळ्या विभागासमोर एक गोष्ट जाहीर करणं, जी आजवर एका मैत्रिणीशिवाय कोणालाच सांगितलेली नाही. घरीही नाही. रकाना रिकामा ठेवला तर? तोही आता एक प्रकारचा जबाबच झाला ना.

आणि खरी टोचणी वेगळीच आहे. आमच्या टीममधल्या एकांनी मध्यंतरी प्रोफाइलवर दे/देम लिहिलं. त्यावर एका वरिष्ठांनी मीटिंगमध्ये "आता हे पण पाठ करायचं का" असं म्हटलं आणि दोघं-तिघं हसले. आता मी गप्प राहिलो-राहिले (बघा, हेच!) तर माझी गणना त्या हसणाऱ्यांत होईल, ही भीती मला जास्त छळते. ज्या माणसाच्या बाजूने उभं राहायचं, त्याच माणसाला वाटेल की मी विरोधात आहे.

तर प्रश्न असा: खोटं न बोलता, स्वतःला उघडं न करता आणि त्या सहकाऱ्यांना एकटं न पाडता त्या वर्तुळात नेमकं काय बोलावं? मला तयार वाक्य हवंय. तत्त्वज्ञान नंतर.

---

शेवंती

आधी वाक्य देते, कारण ते तुम्ही मागितलंय.

"मी अमुक, लेखापरीक्षणात आहे, माझ्याबद्दल बोलताना नाव वापरलंत की झालं."

बस. आवाज बाकीच्यांनी आपलं काम सांगताना असतो तेवढाच सपाट ठेवायचा, आणि लगेच पुढच्याला हाक द्यायची किंवा कामाबद्दलचं एखादं वाक्य जोडायचं. "सध्या खरेदीच्या फायली तपासतोय आम्ही" असलं काहीही. लोकांचं लक्ष शेवटच्या वाक्यावर जातं. "मला सांगायचं नाही" किंवा "मला हे विचारणं पटत नाही" असं म्हणू नका. ते अयोग्य आहे म्हणून नव्हे, पण "नाही" ऐकलं की लोक कारण शोधायला लागतात. "नाव वापरा" ही सूचना आहे, आणि सूचना ऐकून माणसं मान डोलावतात.

आता मी हे कुठून बोलते ते सांगते. मी ट्रान्स स्त्री आहे, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंदलेली स्त्री. आजच्या नोकरीत मी पहिल्या दिवसापासून "शी/हर" सांगते आणि मला त्याचा फार उपयोग होतो. माझा आवाज फोनवर ऐकून लोक गोंधळतात, तो गोंधळ एका वाक्यात मिटतो. त्यामुळे ही पद्धतच बंद करा म्हणणाऱ्यांतली मी नाही. पण त्याच्या आधीच्या नोकरीत, जेव्हा मी फक्त स्वतःशी आणि एका समुपदेशक बाईंशी हे बोलत होते, तेव्हा असंच वर्तुळ झालं होतं. समोर दोनच दारं. एकातून गेले तर सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने स्वतःला "ही/हिम" म्हणायचं, दुसऱ्यातून गेले तर दुपारपर्यंत सगळ्या मजल्यावर चर्चा. ज्या माणसाला सोपं जावं म्हणून ही प्रथा आली, त्याच माणसाला सक्ती झाली की ती सगळ्यांत जास्त लागते. ज्याला कधी प्रश्न पडलाच नाही तो दोन शब्द बोलून मोकळा होतो.

दुसरं. तुम्ही "खोटं" हा शब्द वापरलाय, त्यावर जरा थांबा. प्रोनाउन्स विचारणारा माणूस तुमच्या अंतरंगाचा पंचनामा करत नसतो. तो विचारतो, मी तुमच्याबद्दल तिसऱ्याशी बोलताना कोणता शब्द वापरू? याचं उत्तर आजपुरतं असू शकतं, या ऑफिसपुरतं असू शकतं. मी ज्या काळात घरी एक, ऑफिसात दुसरं आणि मैत्रिणींत तिसरं चालवून घेत होते, त्या काळात मी कोणालाही फसवत नव्हते. सुरक्षित राहत होते. त्यामुळे जुनंच सर्वनाम चालू ठेवावंसं वाटलं तर ठेवा, त्यासाठी स्वतःला गुन्हेगार समजू नका. पण ते म्हणताना घसा अडखळत असेल तर नाव हे उत्तम उत्तर आहे, आणि ते पूर्ण उत्तर आहे. कित्येक जण कायमच "फक्त नाव" हेच सांगतात.

तिसरं, त्या सहकाऱ्यांबद्दल. मला विचाराल तर माझ्या आताच्या ऑफिसात जे आपल्या सहीखाली स्वतःचे प्रोनाउन्स लिहितात त्यातल्या काहींनी माझ्याबद्दल बोलताना "ही/हिम" म्हटलेलं मी ऐकलंय. आणि एक गृहस्थ आहेत ज्यांच्या सहीखाली फक्त पद आणि फोन नंबर असतो, ते एकदाही चुकलेले नाहीत. कोणी चुकलं तर तेच वाक्य बरोबर सर्वनाम घालून पुन्हा म्हणतात आणि काम पुढे नेतात. भाषण नाही, टोमणा नाही. मला सोबत कोणाची वाटते ते वेगळं सांगायला नको. तुम्ही त्या सहकाऱ्यांचा उल्लेख नीट करा, विशेषतः ते मीटिंगमध्ये नसताना. त्यांच्या कानावर ते जातंच.

---

साधा_माणूस

मी वेगळ्या बाजूने लिहितो, राग मानू नये.

मला कोणी विचारलं तर मीही सांगत नाही. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही, पुरुष आहे, सगळ्यांना दिसतं. पण स्वतःच्या तोंडाने ते जाहीर करणं म्हणजे माणूस म्हणजे काय याबद्दलच्या एका विशिष्ट मताखाली सही करण्यासारखं मला वाटतं, आणि ती सही नोकरीच्या अटीत बसत नाही. ज्यांना जसं हाक मारून घ्यायची असेल तसं मी हाक मारतो, त्यात कुचराई नाही. कोणाची थट्टा तर मुळीच नाही. त्या वरिष्ठांचं वागणं मला अजिबात आवडलं नाही. पण माझं मला ठेवू द्या.

अर्धविराम, माझं म्हणणं इतकंच की न सांगणारा प्रत्येक माणूस हसणाऱ्यांतला नसतो. तुमच्या त्या सहकाऱ्यांनाही हे कळत असेल. आणि शेवंतीताईंचं वाक्य मलाही चालेल, मी आजवर "पास" म्हणत आलो, त्यापेक्षा हे सभ्य आहे.

---

शेवंती

@साधा_माणूस, राग कशाला? तुम्ही समोरच्याला नीट हाक मारता हे माझ्यासाठी महत्त्वाचं. सहीबद्दल आपलं पटणार नाही: मला ती मताची सही वाटत नाही, नाव सांगण्याइतकीच साधी माहिती वाटते. पण सक्ती नको यावर आपण दोघं एका जागी आहोत. तुमच्या आणि अर्धविराम यांच्या कारणांत जमीन-अस्मानाचा फरक असूनही दोघांना एकच वाक्य पुरतं, आणि ऐकणाऱ्याला कारण कळत नाही. हाच त्या वाक्याचा मोठा फायदा.

---

खडूफळा

मी भाषा शिकवते, म्हणून एका गोष्टीकडे लक्ष वेधते. इंग्रजीत "आय" म्हणणाऱ्याचं लिंग क्रियापदातून कळत नाही, प्रश्न फक्त तिसऱ्या पुरुषात येतो. मराठीत तो "मी" म्हटल्याबरोबर येतो. अर्धविराम यांनी मूळ धाग्यात किती ठिकाणी वाट काढलीय ते पाहा, दोनच जागी अडखळलेत. ऑफिसातल्या मराठी सहकाऱ्यांशी बोलताना रोज हीच कसरत होत असणार, म्हणून थोडं कामाचं.

भविष्यकाळ सुरक्षित आहे: मी करेन, मी पाठवेन. सकर्मक भूतकाळही: मी फाईल तपासली, मी मेल पाठवला, इथे क्रियापद फाईल आणि मेलच्या मागे जातं. "मी करत आहे" चालतं. "आम्ही करतो" तर सगळेच म्हणतात. अडचण येते ती आलो-आले, म्हणालो-म्हणाले, करतो-करते इथे. त्याजागी "मला यायला उशीर झाला", "माझं म्हणणं असं होतं".

आणि दुसऱ्यांनी तुमच्याबद्दल बोलताना अहो-जाहो ठेवलं तर बरंच निभावतं. "तुम्ही आलात" सगळ्यांना सारखं. "त्यांनी सांगितलं", "त्यांना विचारा", "त्यांचा अहवाल" यात बाई-पुरुष भेद नाहीच. फक्त "ते आले" आणि "त्या आल्या" इथे फाटा फुटतो. म्हणून मराठी सहकाऱ्यांना वेगळं काही समजावण्याची गरज नाही, कामाच्या ठिकाणी अरे-तुरे नको एवढं म्हटलं तरी पुरे.

बाकी "दे" एकवचनी वापरणं हे आजचं खूळ आहे असं कोणी म्हणालं तर सांगा की इंग्रजीत हा वापर चौदाव्या शतकापासून सापडतो. मेरियम-वेबस्टर या अमेरिकन शब्दकोशाने 2019 मध्ये स्वतःला स्त्री वा पुरुष न मानणाऱ्या व्यक्तीसाठीचा अर्थ कोशात घेतला आणि त्याच वर्षी तो "वर्षाचा शब्द" ठरवला. स्वीडिशमध्ये "हेन" हे तो-ती भेद न करणारं सर्वनाम 2015 साली स्वीडिश अकादमीच्या शब्दसूचीत आला. आणि फिनिश, तुर्की, हंगेरियन, बंगाली या भाषांत तो-ती भेदच नाही, एकच सर्वनाम. माझ्या ओळखीच्या एक तुर्की बाई इंग्रजी बोलताना "ही" आणि "शी" यांची सतत अदलाबदल करतात, मनात काही नसतं. त्यामुळे बहुभाषिक टीममध्ये "फक्त नाव वापरा" ही विनंती कोणालाही विचित्र वाटणार नाही, उलट काहींना हायसं वाटेल.

---

पगारपत्रक

मी एचआरमध्ये काम करतो. वर्तुळाबद्दल शेवंती यांनी लिहिलंय त्यात भर घालण्यासारखं नाही. मी त्या लाल चांदणीबद्दल बोलतो, कारण माझ्या मते खरा धोका तिथे आहे. मीटिंगमध्ये बोललेलं हवेत विरतं. पोर्टलवर भरलेलं साठून राहतं.

एचआरच्या प्रणालीत सहसा तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि लोक त्या एकच समजतात. एक, कायदेशीर कागदपत्रांवरचं लिंग; ते पगार, विमा, कर यासाठी लागतं आणि ते मोजक्या लोकांना दिसतं. दोन, लिंगभावाची (म्हणजे माणूस स्वतःला स्त्री, पुरुष की आणखी काही मानतो याची) ऐच्छिक नोंद, जी आकडेवारीसाठी घेतात. तीन, प्रोनाउन्स, हा रकाना मुळात दाखवण्यासाठीच असतो. म्हणजे तिथे भरलेलं कंपनीच्या डिरेक्टरीत, चॅटमध्ये, कधी मीटिंगमधल्या नावापुढे आपोआप उमटू शकतं. तुमची ओळख कार्यशाळेत तुम्ही जपून ठेवाल आणि पोर्टल ती सगळ्यांना सांगून मोकळं होईल.

म्हणून भरण्याआधी एचआरला किंवा आयटीला साधा मेल टाका. त्यात स्वतःबद्दल अक्षरही नको. हा रकाना कोणाकोणाला दिसतो, दुसऱ्या कोणत्या प्रणालीत जातो, नंतर बदलला तर जुनी नोंद राहते का, आणि तो अनिवार्य ठेवण्यामागे काय कारण आहे, एवढंच. लेखापरीक्षणातल्या माणसाने असे प्रश्न विचारले तर कोणाच्या भुवया उंचावणार नाहीत, तो तुमचा धंदाच आहे. बऱ्याचदा ती चांदणी कोणी विचार करून लावलेली नसते. फॉर्म बनवताना सगळ्याच रकान्यांना टिक केलेली असते. असा मेल आला की आम्ही "सांगू इच्छित नाही" आणि "फक्त नाव" हे पर्याय घालतो, किंवा चांदणी काढतो. एका मेलने हे काम होतं, खरंच.

हे काही माझ्या मनचे लाड नाहीत. 2006 मध्ये इंडोनेशियातल्या योग्यकार्ता इथे कायद्याच्या आणि मानवी हक्कांच्या जाणकारांनी एकत्र येऊन लैंगिक कल आणि लिंगभाव यांविषयीची तत्त्वं तयार केली, ती पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाली. त्यातलं सहावं तत्त्व खासगीपणाचं आहे, आणि आपला लिंगभाव उघड करायचा की नाही हे ठरवणं त्यात स्पष्ट धरलंय. ती कायद्यासारखी बंधनकारक नाहीत, पण ज्या धोरणाच्या नावाने हा रकाना येतो ते धोरण याच विचारातून आलेलं असतं. समावेशाच्या नावाखाली खासगीपणा मोडला तर आपण काय कमावलं?

ज्या कंपन्यांनी आपली साधनं विचारपूर्वक बनवली त्यांनी हे ओळखलंय. झूममध्ये 2021 साली प्रोनाउन्सची सोय आली ती ऐच्छिक. दाखवायचे, दाखवायचे नाहीत की प्रत्येक मीटिंगला विचारायचं, हे वापरणाऱ्याच्या हातात. लिंक्डइननेही त्याच वर्षी रकाना दिला, तोही रिकामा ठेवता येतो आणि भरला तरी कोणाला दिसावा हे निवडता येतं. तुमच्या एचआरला ही उदाहरणं द्या.

आणखी एक कारण, ज्यामुळे मी "घाई करू नका" म्हणतो. वारं फिरतं. जानेवारी 2025 च्या अखेरीस अमेरिकेत काही संघराज्य खात्यांतल्या कर्मचाऱ्यांना ई-मेलच्या सहीतले प्रोनाउन्स काढून टाकायचा आदेश आला. ज्यांनी ते अभिमानाने लिहिले होते, त्यांच्यासाठी तो दिवस कसा गेला असेल याचा विचार करून मला वाईट वाटतं. आपल्याबद्दलची नाजूक माहिती कोणत्या कपाटात ठेवायची आणि किल्ली कोणाकडे, हे आपणच ठरवावं.

---

अर्धविराम

इतक्या आपुलकीने लिहिलंत, डोळे भरून आले. खडूफळा, तुम्ही ती कसरत ओळखलीत आणि तिला नावं न ठेवता वाट दाखवलीत, त्याचं फार बरं वाटलं. मराठी सहकाऱ्यांच्या गटात मी आजकाल जवळपास काहीच लिहीत नाही, त्याचं कारण हेच होतं.

काल रात्री शेवंतीताईंचं वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं. घसा अडखळला नाही. कार्यशाळेत तेच सांगेन.

पगारपत्रक यांच्या सल्ल्याप्रमाणे मेल लिहून झालाय, तुमचे चारही प्रश्न जसेच्या तसे. आणि त्या सहकाऱ्यांना मी आज वेगळा मेसेज पाठवला: "त्या दिवशीचं हसणं मला आवडलं नाही, तुमचा उल्लेख मी तुम्हाला हवा तसाच करेन." उत्तरात एक हृदय आलं आणि मागोमाग "हे कोणीतरी म्हणावं असं वाटत होतं." साधा_माणूस, तुमचं म्हणणं बरोबर ठरलं; मी त्या हसणाऱ्यांतला आहे असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. (इथे "हसणाऱ्यांतला" लिहिलं आणि तसंच ठेवतोय. आजपुरतं.)

एक शेवटचं विचारायचंय. विभागप्रमुखांशी कार्यशाळेआधी बोलावं का? त्या चांगल्या आहेत, पण बोलायला गेलं की "का?" येणारच, आणि त्या "का"साठी मी तयार नाही.

---

शेवंती

बोला, पण स्वतःबद्दल नको, पद्धतीबद्दल. लेखी लिहा, म्हणजे चेहऱ्यावर काही दिसायचा प्रश्न नाही. असं काहीसं:

"कार्यशाळेत ओळख करून देताना 'नाव, काम, आणि इच्छा असेल तर प्रोनाउन्स' असं म्हणता येईल का? काही जणांना सगळ्यांसमोर सांगणं अवघड जाऊ शकतं."

"काही जण" पुरेसं आहे. त्या चांगल्या असतील तर हे वाचून "कोण?" विचारणार नाहीत, आणि विचारलंच तर "सर्वसाधारणपणे म्हणत आहे, टीम मोठी आहे" एवढं सांगा. सुरुवातीला त्यांनी स्वतः ते "इच्छा असेल तर" उच्चारलं की बाकीच्यांना मोकळीक मिळते. ते कोणी कनिष्ठाने म्हणून तेवढा उपयोग होत नाही.

मेसेज आजच पाठवा. कार्यशाळेच्या सकाळी आला तर त्यांच्या स्लाइड तयार झालेल्या असतील आणि बदल राहून जाईल.

---

पगारपत्रक

शेवंती यांच्या मसुद्याला दुजोरा. फक्त तो मेसेज एचआरच्या मेलपासून वेगळा ठेवा, दोन्हींत एकमेकांचा उल्लेख नको. एचआरला विचारताय ते माहितीच्या सुरक्षेचं काम आहे, प्रमुखांना सांगताय ती सूचना आहे. दोन्ही एकाच साखळीत गेले तर वाचणारा त्यामागचा माणूस शोधायला लागतो.